ओल्या तणसाची काडी

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. सौंदडजवळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो आणि शिकवून शिकवून विटलो होतो. त्या आठवड्यात 'ब्रेक' या एका शब्दानं जीव नकोसा केला. आपल्याकडे कप फुटतो, दोरी तुटते, काठी मोडते. साहेबाला सगळ्याला एकच शब्द पुरतो. वचन मोडलं तरी तोच, उजाडलं तरी तोच, आणि त्याची न्याहारी म्हणजे रात्रीचा उपास मोडणं. मूळ शोधायला कोश उघडला, तर शब्द जर्मनच्या घराण्यातला निघाला. हाड मोडलं की डॉक्टर 'फ्रॅक्चर' म्हणतात, तो त्याचा लांबचा चुलतभाऊ. पोरांना हे सांगितलं. पोरांनी जांभया दिल्या. मलाही कुठे हुरूप होता?

माझं चित्त घरी होतं. धाकटी बहीण कित्येक वर्षं माहेरी पडून होती. नवऱ्यानं दुसरी आणलेली. हिला नेईना, सोडीना. पंचांनी निरोपावर निरोप धाडले तेव्हा कुठे तो काडीमोडीला आला. पंचांसमोर नवऱ्यानं काडी मोडायची, दोन तुकडे झाले की बाई मोकळी, अशी आमच्याकडची रीत.

सकाळीच पंच अंगणात बसले. काकांनी भाताच्या पेंढ्याच्या ढिगातून तणसाची काडी उपसून जावयाच्या हातात दिली. रात्रभर दव पडलेलं. त्यानं ती वाकवली, पिळली. काडी नुसती लवली. तो हसला.

"मोडून नाही राहिली जी. देवाच्याच मनात नाही," म्हणत धोतर झटकून उठला.

"मंग पुढच्या साली पाहू," एक म्हातारे पंच म्हणाले.

हा माणूस पुन्हा या अंगणात पाय ठेवणार नव्हता, आणि बहीण जन्मभर अशीच लटकली असती.

तेवढ्यात तीच दाराआडून बाहेर आली. "ओलं तणस कसं मोडन? बसा."

तिनं काडी त्याच्या हातातून घेतली, आत चुलीच्या निखाऱ्यावर धरली आणि परत आणून दिली. "आता मोडा."

सगळे बघत होते. त्याला मोडावीच लागली. एका झटक्यात दोन तुकडे झाले.

पंच गेले तरी मी तिथंच बसून होतो. रडू आवरत नव्हतं. आतून तिची हाक आली.

"दादा, उठ ना. भात निवून राहिला. मले भूक लागली आज."