उत्तरांची पानं

पलीकडच्या अकोटा गावाहून नदी ओलांडून कामावर जाताना एक गुजराती कारकून रोज पाटी घेऊन माझ्या ओट्याशी थांबत. आमच्या संस्थानात, महाराजांच्या कचेरीत, मॅट्रिक झाल्याशिवाय त्यांना वरची जागा नव्हती, आणि बीजगणितात ते दोनदा नापास झाले होते. मोह नको म्हणून पुस्तकातली उत्तरांची पानं फाडून त्यांनी माझ्या स्वाधीन केली होती. मी फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं आणि माझ्या यादीत खूण करायची. चूक म्हटलं की ते पाटी पुसत आणि "सारू, नाना", म्हणजे बरं, म्हणून चालू लागत.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना एका वर्गसमीकरणात त्यांचे चार दिवस गेले. यादीत चाळीस उदाहरणं बाकी होती.

"अहो, सोडा ते. पुढचं घ्या," मी म्हटलं.

"ना, नाना. हे सुटल्याशिवाय पुढे नाही."

पाचव्या दिवशीही एक चिन्ह उलटं होतं. मला राहवेना, मी "बरोबर" म्हणून टाकलं. ते पहिल्यांदाच हसले.

दुसऱ्या सकाळी चेहरा उतरलेला. "मधल्या सुट्टीत ताळा करून पाहिला. जुळत नाही."

"तुमचा वेळ वाचवावा म्हटलं."

"परीक्षेच्या खोलीत तुम्ही नसणार, नाना."

त्यांनी पाटी पुढे केली; तेच उदाहरण नव्याने सोडवलं होतं. उत्तर खरोखर बरोबर होतं. मी तसं सांगितलं. ते ओट्यावर बसले, सावकाश ताळा केला आणि जुळल्यावर म्हणाले, "हं. आता करा खूण."