कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

ती घटना आठवली की आजही आधी त्या मुलीचे पाय डोळ्यांपुढे येतात. मी पोलीस नव्हते. शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्यात झाडलोट आणि चहापाणी करून निवृत्त झाले. हा गुन्हा मात्र माझ्यासमोर उघडकीस आला.

कारखान्यात लागलेल्या काही पोरांचे शाळेचे दाखले खोटे निघाले. खबऱ्याने तळेगाव ढमढेऱ्यातल्या एका कॉम्प्युटर सेंटरकडे बोट दाखवलं. साहेबांनी पंच नेऊन झडती घेतली. तिथल्या प्रिंटरच्या प्रत्येक कागदावर डाव्या कडेला बारीक रेघ उमटायची. खोट्या दाखल्यांवर तीच रेघ होती. पण कॉम्प्युटर सगळा धुंडाळला तरी त्यात काही सापडेना. मालक म्हणाला, किल्ली पोरीकडे असते, तिनंच घरून पेनड्राइव्हवर आणले असतील.

ती पोरगी राहू गावची, सेंटरात कामाला. पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला. गुन्ह्यात नाव आलं की ते संपलं. सकाळपासून ती ठाण्यातल्या बाकावर बसून होती. मी झाडत जवळ गेले की न सांगता पाय वर उचलायची. विचारलं की एकच उत्तर, "साहेब, मला त्यातलं काय बी म्हाईत न्हाई."

मला मात्र एक गोष्ट माहीत होती. दोन महिन्यांपूर्वी एका रात्री ठाण्यातून सुटल्यावर रेशनकार्डाच्या कामासाठी मी त्या सेंटरात गेले होते. मला पाहून मालकाने घाईने कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला, नाहीसा झाला, आणि त्याच्या मागे खंडोबाचा फोटो असलेला दुसरा पडदा दिसला. मशीन चालूच होतं. नवल वाटलं, पण विचारलं नाही. ठाण्यातही चहाचा कप ठेवायचा आणि मागे फिरायचं, एवढंच मला जमायचं.

जबाबाचा कागद सहीसाठी पोरीपुढे सरकला, तेव्हा मी हवालदारमामांना हळूच सांगितलं. ते हसले. "मावशी, बंद केल्याव कुठं चालू ऱ्हातो व्हय कॉम्प्युटर? आता तुम्हालाच सायबरला पाठवू."

साहेबांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांनी सही थांबवली. "मावशी, काय पाहिलंत ते परत सांगा." मी फरशीकडे बघत सांगितलं.

मालकाला आत घेतलं. साहेबांनी आवाज चढवला नाही. "खंडोबाच्या फोटोवर दुसरा पडदा कुठला उघडायचास?" त्याने पाणी मागितलं. मीच नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून सायबरचे अंमलदार आले. त्यांनी सांगितलं, एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा चालवता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, पासवर्ड वेगळा, फायली वेगळ्या. शिकणारे लोक सरळ कामालाही ते वापरतात. बाहेरून ती नुसती एक भलीमोठी फाइल दिसते. झडतीत ती दिसली होती, कुणी उघडली नव्हती.

शेवटी मालकानेच पासवर्ड दिला. आत शाळांचे शिक्के, सह्या, दाखले, सगळं निघालं. साऱ्या फायली संध्याकाळी सातनंतरच्या. राहूकडची शेवटची जीप साडेपाचला सुटते, आणि पोरगी रोज तीच धरायची. जीपवाल्याने तसा जबाब दिला. तिचं नाव गुन्ह्यात आलं नाही.

मालक हुशार होता, त्याने लपवलं. पण मी तर काहीच लपवलं नव्हतं, फक्त बोलले नव्हते, आणि पोरगी तेवढ्यानेही अडकली असती. त्या दिवशी मी बाकाखालून तीनदा झाडलं, मग तोंड उघडलं. तिने पहिल्यांदा पाय उचलले, तेव्हाच बोलायला हवं होतं.