सगळ्यात मागचा घुंगरू

सायकलचं हेल्मेट उलटं घालून मी अख्खा डोंगर चढलो आणि कुणी चकार शब्द काढला नाही. वर, जिथून उतार सुरू होतो तिथल्या हिरड्याखाली मामांनी ते माझ्या डोक्यावरून काढलं, फिरवून पुन्हा बसवलं, हनुवटीखाली पट्टा अडकवला आणि अगदी काळजीनं विचारलं, "दाजी, मागं बघत उतरायचा इचार हाय का?" माझी मुलगी मुक्ता हँडलवर डोकं टेकून हसत होती. मला हसू आलं नाही, कारण समोरची वाट मला तेवढ्यात दिसली होती. म्हणजे सुरुवात दिसली होती. पुढं ती कारवीच्या झुडपांत शिरून नाहीशी होत होती, आणि माझ्या अंदाजानं माणसंही तिथंच नाहीशी होत असणार.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. महाळुंगे पडवळला त्यांची शेती, आमचं घरही तिथंच. मुक्ताचे मामा म्हणून हळूहळू सगळ्यांचेच मामा झाले. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून त्यांनी गिअरची सायकल घेतली. पण डांबरी रस्त्यावर गाड्यांचं भ्या वाटतं म्हणून ते भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरांत, गुरांच्या वाटांवर जाऊ लागले. त्या वाटांवर गाड्या नव्हत्या हे खरं. मोठमोठे दगड होते, झाडांची उघडी मुळं होती, आणि काही ठिकाणी गुरंसुद्धा पुढचा पाय टाकण्याआधी विचार करत.

शेवटची बैलजोडी विकली तेव्हा त्यांनी घुंगरमाळेतला एक मोठा घुंगरू काढून ठेवला होता. तो सायकलच्या सीटखाली बांधला होता. "बिबट्याला आधी कळाया पायजे आपण आलोय ते, दचकला म्हंजे वाईट," असं ते नवख्याला सांगायचे. खरं कारण निराळं होतं. मामा नेहमी सगळ्यांच्या मागं उतरायचे. वाटेतल्या प्रत्येक वळणावर पुढच्यानं थांबायचं, मागून घुंगरू ऐकू आला की मगच निघायचं. घुंगरू वाजतोय म्हणजे मधलं कुणी पडलेलं नाही, असा साधा हिशेब. घरी माझी बायकोही त्याच हिशेबानं चालायची. गाडीतून सायकली उतरल्या आणि गल्लीच्या तोंडाशी घुंगरू वाजला की बाहेर न डोकावता चहाचं आधण ठेवायची. घुंगरू आला म्हणजे सगळे आले.

मामांचा दुसरा नियम, उतरून चालणाऱ्याला हसायचं नाही. हा नियम बहुधा माझ्यासाठीच केला असावा. मी सायकल जेवढी चालवली त्याहून जास्त हातात धरून खाली आणली. "ब्रेक आवळू नका दाजी, कुरवाळा. आन् बूड सीटच्या मागं न्या," ते मागून सांगत राहायचे. एका दगडी टप्प्यावर मी दोनदा आपटलो. तेव्हापासून बोरी बुद्रुकचा दत्तू, मामांचा टोमॅटो पिकवणारा मित्र, त्या टप्प्याला 'दाजींचा ओटा' म्हणू लागला. मुक्ता तो ओटा उभ्यानं, पेडलवर तोल धरून उतरायची. मी वरून डोळे मिटून घ्यायचो. खालून तिचा आवाज आला की उघडायचो. बाप म्हणून माझं कर्तव्य मी असं पार पाडत होतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मुक्ता आणि दत्तू ओटा उतरून खालच्या वळणावर थांबले होते. त्यांच्या मागून मी सायकल ढकलत येऊन पोचलो. वरून घुंगरू येईना. दत्तू म्हणाला, चेन पडली असंल. मुक्तानं वर जायला हातमोजे काढायला घेतले. तिला वर पाठवायची माझी छाती होईना, म्हणून सायकल टाकून मीच चढायला लागलो. बिबट्यापासून फुटलेल्या डोक्यापर्यंत सगळं मनात येऊन गेलं.

मामा एका दगडाला टेकून बसले होते. चेहरा घामानं निथळत होता, एक हात छातीवर होता. दत्तूला हाक मारायला मी तोंड उघडलं तर त्यांनी मला गप्प केलं.

"आधी घुंगरू सोडा सायकलचा," ते म्हणाले. "वाजवत चला. पोरगी खाली कान लावून बसली असंल."

मी त्यांना एका हातानं खांद्याचा आधार दिला आणि दुसऱ्या हातानं घुंगरू हलवत त्या उतारावरून निघालो. खालून मुक्ताची हाक आली, "मामा, या निवांत." मामांनी डोळे मिटले आणि मान हलवली. पुढं दत्तूनं त्यांना जवळजवळ उचलूनच पायथ्याशी उभ्या केलेल्या गाडीपर्यंत नेलं आणि आम्ही मंचरला दवाखान्यात पोचलो.

मामा त्यातून उठले, पण सायकल सुटली ती सुटलीच. पुन्हा डोंगरात जायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी घुंगरू माझ्यापुढं ठेवला. दत्तूला हे काही पटेना. "राव, दाजी मागं? आन् दाजीच पडले तर वर कोण बघणार?"

"दाजी लई भितात," मामा म्हणाले. "भिणारा माणूस कुणाला मागं सोडून पुढं जात नाय." माझ्या भित्रेपणाची एवढी कदर आजवर कुणी केली नव्हती. मी घुंगरू खिशात टाकला आणि तो घरभर वाजत राहिला.

उन्हाळ्यात मामा गेले. झोपेतच. घुंगरू कितीतरी दिवस आमच्या कपाटावर पडून होता. मग एका रविवारी मुक्ता म्हणाली, जाऊ या. बायको नको म्हणाली नाही.

सीटखाली घुंगरू बांधून मी मुक्ता आणि दत्तूच्या मागं, सगळ्यात शेवटी उतरलो. म्हणजे थोडा उतरलो, बराचसा चाललो, पण घुंगरू वाजता ठेवला. ओट्याच्या वर उभा राहून मुक्ताला उतरताना पाहिलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. मागं वाटेवर कुणी नव्हतं. तरी मी दोनदा वळून पाहिलं.

महाळुंग्यात गल्लीच्या तोंडाशी घुंगरू वाजला तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं मुक्ताकडं पाहिलं, दत्तूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या मागच्या मोकळ्या रस्त्याकडं थोडा वेळ बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून चहाचं आधण ठेवायला आत वळता वळता म्हणाली, "दादा असताना मी कधी मोजायला बाहेर आले नव्हते. आज आले. पुढच्या खेपेला नाही यायची."