गोठ्यामागची दोन झाडं

ती घटना मला आजबी आठवते. मी इसरायला बघतो, पर कासारसाई गावच्या बायका इसरू देत न्हाईत.

दोन हजार चारचा सुमार आसंल. मी जमादार हुतो. शिक्षण कसंबसं सातवी, पर आव आसा की कायदा मीच लिवलाय. सकाळी चौकीत फोन वाजला. बाईचा दबका आवाज, "धरणाकडंच्या शेवटच्या घरी गांजा लावलाय, आन्..." एवढ्यावर मी फोन ठिवला. उरलेलं ऐकायला येळ कुणाला? मला बक्षीस दिसत हुतं!

सायबांना न कळवताच एक शिपाई आन् दोन पंच घिऊन निघालो. घराम्होरच्या वावरात बघतो तर पंज्यागत पानं, कडंला करवतीचे दात. तीस-चाळीस झाडं उपटली आन् पंचनामा सुरू केला. तवर घरधनीन म्हातारी वैरणीचा भारा टाकून धावत आली.

"अवं जमादार, अंबाडी हाय ती! भाजी करत्यात तिची. बायकू जेवाय घालत न्हाई व्हय?"

पंच बांधावर लोळून हसाय लागले. तेवढ्यात म्हातारीची सून पाण्याचा तांब्या घिऊन आली. पाचवा म्हैना चालू आसंल. वाकून हळूच म्हनली, "फोन निम्म्यात ठिवला म्हनून ही पाळी आली. गोठ्यामागं बघा, गांजा तितं हाय. सासूबाई त्याचीच पूड दुधातनं मला पाजत्यात, वकारी थांबावी म्हनून. नर्सबाई म्हनल्या, बाळाच्या मेंदूला लागतं. माझं नाव काडू नका."

माझं हसं झालं ते जाऊ द्या. ह्या पोरीनं जिवावर उदार हुऊन फोन केला हुता आन् मी तो आपटला हुता.

मंग सायबांना बोलावलं. गोठ्यामागं डोक्याएवढी उंच गांजाची दोन झाडं मिळाली. वजन, लाखेचं सील, सह्या, सगळं रीतसर झालं. पोरीच्या सासऱ्यानं चिलमीसाठी लावल्याचं कबूल केलं, त्याला अटक झाली. पर वाळलेली पूड काय घावली न्हाई. कोर्टाला दोन झाडं बास हुती. पर पोरीच्या दुधात पडणाऱ्या पुडीचं काय?

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना घिऊन मी म्हातारीचा जबाब घ्यायला गेलो. पोरीचं नाव न काडता म्हनलं, "घरात झाडं, घरात पोटुशी, म्हनून इचारतोय. पूड कुटं हाय?"

"मला काय ठावं? आन् आसली तर? माझ्या सासूनं मला दिली, माझी पोरं काय येडी निघाली?"

नर्सबाई म्हनल्या, "आजी, सगळ्यांनाच हुतं आसं न्हाई. पर आईच्या रगतातनं ते बाळाच्या मेंदूपतुर जातं. तो आत्ता घडतोय. फुडं ध्यान लागणं, शिकणं, त्यात पोर मागं पडू शकतं. मिसरूड फुटायच्या वयातबी मेंदू कच्चाच आसतो. आज थांबवलं तर आजपास्नं फायदा."

"कुणी बघितलंय?"

"मी," मी म्हनलो. "चौदाव्या वर्षी गुरं राखताना गांजाची चिलीम धरली, दोन वर्सं वढली. आधी एकोणतीसचा पाढा यायचा. मंग गुरुजींनी सातचा इचारला तर खिडकीतनं म्हशी बघत बसलो. सातवीला तीनदा बसलो, आजी. काल तुमची भाजी उपटली ती तुमी बघितलीच."

म्हातारीनं मला वरपास्नं खालपतुर न्याहाळलं. मंग उठली, हळदीच्या डब्यामागनं पुडी काडून माझ्या म्होरं ठिवली. एवढ्या लवकर तिला पटावं ह्याचं मला वाईट वाटलं.

सुनंला पोरगी झाली. नर्सबाईंनी तिच्यावर ध्यान ठिवलं. येळंत चालली, येळंत बोलली, आता तर गप बसत न्हाई. आधीच्या पुडीनं काय केलं, काय न्हाई, ते कुणालाच सांगता यायचं न्हाई. पर थांबली ते बरं झालं.

मी एवढंच शिकलो, की भ्यालेलं मानूस आधी पत्ता सांगतं आन् खरं दुखणं शेवटाला. तवापास्नं समोरच्यानं ठिवल्याबिगर मी फोन ठिवला न्हाई.

म्हातारी मातर माझ्यापरास मोठा पोलीस निघाली. धरणाच्या भिंतीआड कॉलेजची पोरं चिलीम घिऊन बसली की काठी टेकत जाती आन् म्हनती, "वढा बाबांनो, वढा. जमादार व्हाल."

पोरं लगेच इजवत्यात.