तीन बोटं

शैलेंद्र वानखडे वर्गात उभा राहिला की आधी खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवायचा. मग समोरच्या पोलिसांना म्हणायचा, काय दिसतंय ते लिहा.

समोर बसलेले सगळे शाळांमधले पोलीस असायचे. टेक्ससमधल्या प्लेनोच्या उत्तरेला जी गावं एकमेकांना चिकटून वाढली, त्यांतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, स्वतःचं पोलीस खातं होतं. शैलेंद्र त्याच खात्यात होता. कुणी लिहायचं, मळका रुमाल. तो विचारायचा, मळ दिसला की डाग दिसला? डाग लिहा. कुठे आहे, केवढा आहे, कोणत्या रंगाचा आहे. कुणी लिहायचं, ऑफिसरचा रुमाल. तो म्हणायचा, माझ्या खिशातून निघाला एवढंच तुम्ही पाहिलंत. बायकोचा असेल. मग सगळे हसायचे आणि वर्ग त्याच्या मुठीत यायचा.

हे तो नागपुरात शिकला होता. पंचविशी ओलांडायच्या आत तो तिथे सब-इन्स्पेक्टर झाला, तेव्हा एका म्हाताऱ्या हवालदारानं त्याला पंचनामा लिहायला शिकवलं. हवालदार म्हणायचा, "साहेब, पंचनाम्यात डोळे लिहायचे. डोकं नाही लिहायचं." शैलेंद्रनं हे वाक्य जन्मभर सांभाळलं. टेक्ससच्या वर्गात इंग्रजीत सांगितलं तरी ते तेवढंच लागू पडायचं.

शोभनाला प्लेनोतल्या टेलिफोन कंपनीत नोकरी लागली आणि त्यानं वर्दी उतरवली. नागपुरात लोक म्हणाले, वानखडे बायकोच्या मागे गेला. तो गेला, हे खरंच होतं. आधी पेट्रोल पंपावर उभा राहिला, मग एका ऑफिसच्या इमारतीत रात्रपाळीचा वॉचमन झाला. नागरिकत्व मिळालं तेव्हा चाळिशी उलटली होती. त्या वयात तो पोलीस अकॅडमीत गेला आणि बाविशीतल्या पोरांबरोबर धावला. शोभना त्याच्या गुडघ्यांना बाम चोळायची आणि म्हणायची, अहो, हौसेला मोल नाही म्हणतात, पण गुडघ्यांना आहे. शाळेत ड्यूटी लागली तेव्हा पोरांनी त्याचं नाव ऑफिसर वान करून टाकलं. त्याला ते आवडायचं. त्या दोघांना मूल नव्हतं.

दोन हजार तीनच्या सुमाराला डिस्ट्रिक्टमधल्या एका शाळेबाहेर चाकू चालला. पोरांच्या टोळ्या झाल्यात, हे तेव्हा सगळ्यांनी कबूल केलं. टोळ्या कशा ओळखायच्या, त्यांची नोंद कशी ठेवायची, हे शाळेच्या पोलिसांना शिकवायचं ठरलं. काम शैलेंद्रकडे आलं. सारख्या रंगाचं कापड, बोटांच्या खुणा, गोंदण, आधीच फाइलवर असलेल्या पोरांची संगत. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की मुलाचं नाव फाइलवर जायचं. नाव गेलं म्हणजे शिक्षा नव्हे, नुसती नजर, असं तो सांगायचा. त्याला ते खरंच वाटत होतं.

त्यात दोन नियम त्यानं स्वतःचे घातले. एक, नोंद तपासणाऱ्यासमोर मुलाचं नाव झाकलेलं असावं. गोरा की काळा, ओळखीचा की परका, हे त्याला कळू नये. दुसरा, मुलाला विचारायचं नाही. विचारलं की तो सावध होतो. शिवाय त्याचं उत्तर तुमच्या डोळ्यांत शिरतं.

दोन्ही नियम वरच्यांना पसंत पडले. बहुतेक नोंदी तपासायचं कामही मग त्याच्याकडेच आलं.

तिथल्या मराठी लोकांच्या मंडळात मात्र त्याची ओळख पोलीस म्हणून नव्हती. तिथे तो भाऊ होता, आणि मुलांचा काका. गणपतीत ढोल वाजवायचं पथक त्यानंच उभं केलं होतं. भारतातून मागवलेल्या ढोलांचं कातडं एसीच्या कोरड्या हवेत फाटलं, तेव्हा त्यानं प्लास्टिकची पिंपं कापून ढोल केले. वाजवणारी पोरं बहुतेक इथलीच. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. ढोल सुरू झाल्यावर ओरडून काही ऐकू जात नाही, म्हणून पुढचा हात, म्हणजे ठेका, कोणता वाजवायचा ते म्होरक्या बोटांनी दाखवतो. एक बोट म्हणजे पहिला हात, दोन म्हणजे दुसरा. तिसरा हात अवघड, वेगाचा. तीन बोटं वर गेली की पोरांच्या अंगात यायचं.

सगळ्यांत चांगला तिसरा हात प्रथमेशचा होता. संजीव आणि वीणाचा मुलगा. पुण्याहून आला तेव्हा बारा वर्षांचा होता, आता सोळाचा. उंच, बुजरा, शाळेत फारसं न बोलणारा. पथकात मात्र तो वेगळाच मुलगा होता. शैलेंद्र शोभनाला सांगायचा, माझ्यानंतर पथक हाच चालवेल.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये गणपती तोंडावर आले होते. एका बुधवारी शैलेंद्रला वर्ग घ्यायचा होता. त्यानं प्रथमेशला फोन केला आणि आजची प्रॅक्टिस तू घे म्हणून सांगितलं. आवाजाची तक्रार झाली होती, म्हणून त्या आठवड्यात ढोल आणायचे नव्हते. इंडियन ग्रोसरीच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये उभं राहून नुसते मांड्यांवर हात बसवायचे होते. डोक्याला भगवे रुमाल बांधायचीही सवय करायची होती, ऐन मिरवणुकीत ते सुटतात म्हणून.

पथकातली पोरं चार गावांतून यायची. त्यामुळे प्रथमेशच्या शाळेतला, आणि तिथल्या पोलिसांना ओळखू येणारा, त्यांच्यात तो एकटाच होता.

पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी आलेल्या नोंदींत एक नोंद शैलेंद्रला फार आवडली. रेनी व्हॉलेस नावाच्या तरुण पोलीसबाईनं ती लिहिली होती. त्याच्याच आधीच्या एका वर्गातली विद्यार्थिनी. पार्किंग लॉटमध्ये सात तरुण, सर्वांच्या डोक्याला नारिंगी कापड. सर्वांत उंच मुलानं उजव्या हाताची तीन बोटं वर केली. इतरांनी त्याच क्षणी हालचाल बदलली. पोलिसांची गाडी दिसूनही ते थांबले नाहीत. सदर मुलगा रोज शाळेतून दोघांबरोबर चालत घरी जातो, ते दोघंही फाइलवर आहेत. पुरे. अंदाज नाही, विशेषण नाही. नाव पट्टीनं झाकलेलं.

ते दोघं प्रथमेशच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. पण तसं नोंदीत लिहायचं कारण नव्हतं.

शैलेंद्रनं ती वर्गात वाचून दाखवली. असं लिहा, म्हणाला. मग कोपऱ्यात सही केली.

त्याला त्यात काहीच ओळखू आलं नाही. भगवा रुमाल तो रोज बघायचा, नारिंगी कापड त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

गणपती झाले. प्रथमेशनं तिसरा हात असा वाजवला की म्हाताऱ्या काकूसुद्धा खुर्च्यांवरून उठल्या.

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या कॅन्टीनमध्ये मारामारी झाली. खालच्या मजल्यावरची ती दोन पोरं त्यात होती. प्रथमेश त्यांना ओढून बाजूला करायला गेला, असं तो म्हणाला. तिथे असलेल्या, फाइलवर नसलेल्या इतर मुलांना चार दिवस घरी बसवलं. प्रथमेशचं नाव फाइलवर निघालं, म्हणून त्याला बिघडलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळेत धाडलं आणि प्रकरण पोलिसांकडे दिलं.

वीणाचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, भाऊ, काहीतरी घोटाळा झालाय, तुम्ही त्यांच्यातलेच आहात, जरा बघा ना. संजीव व्हिसावर होता आणि ग्रीन कार्डचा अर्ज अडकून पडला होता. मुलाच्या नावापुढे टोळी हा शब्द म्हणजे सगळ्या घरावरच गदा.

शैलेंद्र बेफिकीरपणेच गेला. एका फोनचं काम, असं त्यानं शोभनाला सांगितलं होतं. ऑफिसातल्या बाईनं कागद काढून दिला. आता त्यावर पट्टी नव्हती. त्यानं नाव वाचलं, मग मजकूर वाचला. पहिल्या ओळीलाच ओळख पटली होती, तरी शेवटपर्यंत वाचला. कोपऱ्यातली सही त्याची होती.

तो वरिष्ठांकडे गेला. सगळं सांगितलं. गणपती, ढोल, बोटं, रुमाल. ते वाईट नव्हते. नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. फाइलवरची नोंद काढायची तर ती चुकीची आहे असं दाखवावं लागतं, एवढंच ते म्हणाले. मग कागद त्याच्यापुढे सरकवला.

"वान, यातलं कोणतं वाक्य खोटं आहे?"

त्यानं परत वाचलं. एकही खोटं नव्हतं.

खात्याच्या समितीपुढे अर्ज देता येईल, असं त्यांनी सांगितलं. वेळ लागेल, पण नोंद निघेल. शैलेंद्रनं तिथेच बसून अर्ज लिहिला. रेनी व्हॉलेसनं आपण होऊन खाली सही केली. ती म्हणाली, मी गाडीतून उतरून विचारणार होते, पण तुम्ही नको म्हणून सांगितलं होतं. तिनं ते दोष द्यायला म्हटलं नव्हतं.

त्या शनिवारी तो संजीवच्या घरी गेला. वीणानं पोहे केले होते. त्यानं बशी हातात घेतली नाही. आधी सांगितलं. नोंद कुणी लिहिली, कुणी वर्गात वाचून दाखवली, कुणी सही केली. संजीव खिडकीकडे बघत राहिला. 

मग संजीव म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी त्याला तिथे तुम्हीच पाठवलं होतं."

"हो."

वीणा पोह्यांची बशी उचलून आत गेली. ती रागानं गेली की रडायला, ते त्याला कळलं नाही.

प्रथमेश सोफ्याच्या कडेवर बसला होता. तो काकाशी इथे आल्यापासून अरेतुरेच बोलायचा. इथली सगळीच मुलं तसं बोलतात. तो हळू म्हणाला, "इट्स ओके, काका. तो मी होतो हे तुला माहीतच नव्हतं ना."

मुलानं त्याला धीर द्यायला म्हटलं होतं. शैलेंद्र मान हलवून उठला. गाडीत बसला, पण किल्ली फिरवायचं त्याला सुचेना. प्रथमेश नसता तर? तर ती नोंद चांगलीच होती. तीन वर्षांत त्यानं अशा किती नोंदींवर सही केली होती, आणि त्या सगळ्या नावांवर पट्टी होती.

सोमवारपासून तो जुने कागद काढून बसू लागला. त्यातल्या काही मुलांना त्यानं शोधून काढलं आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. विचारलं. काही खरोखरच टोळीतले निघाले, आणि तसं तोंडावर सांगून हसलेही. एका मुलानं मात्र गळ्यातली निळी माळ शर्टाबाहेर काढून दाखवली. आजीची आहे, म्हणाला. ती वारली तेव्हापासून काढली नाही. नोंदीत लिहिलं होतं, निळ्या मण्यांची माळ, रोज घालतो. तेही खरंच होतं. मुलानं विचारलं, एवढंच विचारायचं होतं तर आधी का नाही विचारलं? 

समितीची तारीख पुढे पुढे जात राहिली. संजीवला वकिलानं सांगितलं की थांबा, घाई करू नका. पण संजीव घाबरला होता. तिकडे त्या शाळेत प्रथमेश खरोखरच वाईट पोरांत बसत होता आणि घरी आला की दार लावून घेत होता. जानेवारीत त्यांनी त्याला पुण्याला काकाकडे, म्हणजे सख्ख्या काकाकडे, पाठवायचं ठरवलं.

शैलेंद्र विमानतळावर गेला. वीणानं त्याला येऊ नका म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. तो जरा लांबच उभा राहिला. सुरक्षेच्या रांगेतून प्रथमेशनं मागे वळून पाहिलं आणि आईला हात केला. मग शैलेंद्रकडे पाहिलं. प्रथमेशचा हात, तीन बोटं ताठ, अर्धा वर आला होता. आजूबाजूला गणवेशातली माणसं होती. त्यानं बोटं मिटली आणि हात खाली घेतला.

मार्चमध्ये समितीनं नोंद काढून टाकली. शैलेंद्र तो कागद घेऊन वीणाकडे गेला. तिनं तो दोनदा वाचला आणि थँक्यू भाऊ म्हणाली. आत या म्हणाली नाही. त्यानं पुण्याला फोन लावला आणि सांगितलं, सगळं साफ झालंय, परत ये, जूनमध्ये ये, गणपतीला तरी ये. फोनवर मागे पंखा ऐकू येत होता.

"नको काका. मी आता वाजवत नाही," प्रथमेश म्हणाला.

त्या वर्षीच्या वर्गात शैलेंद्रनं रुमाल टेबलावर ठेवला आणि पोलिसांनी लिहिलं. मग तो म्हणाला, आता मला विचारा, हा रुमाल कुणाचा आहे. एकानं सांगितलं, सर, तुम्ही खोटं बोलाल. शैलेंद्र म्हणाला, "बोललो तर तेही लिहा. पण विचारा." कुणी हसलं नाही. वरच्यांना हा नियम पसंत पडला नाही. दोन हजार आठच्या सुरुवातीला शिकवण्याचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्यानं तक्रार केली नाही. परत शाळेच्या दारात उभा राहू लागला.

पथक त्यानं सोडलं नाही. मंडळानं सोडू दिलं नाही, असं शोभना सांगते. त्या सप्टेंबरात मिरवणूक निघाली, भगवे रुमाल बांधून पोरं उभी राहिली, पिंपांवर टिपरू पडलं. पहिला हात झाला, दुसरा झाला. पोरांच्या नजरा शैलेंद्रकडे लागल्या होत्या. त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते, एकमेकांत घट्ट धरलेले. तो तोंडानं ओरडला, तिसरा. परत ओरडला. ढोलांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. पोरं दुसरा हातच वाजवत राहिली, काका बोटं वर करतील म्हणून त्याच्याकडे बघत.