सोन्याचं अक्षर आणि सांगलीचा काटा

सहार विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने आमच्या सौ.च्या हातातल्या चार पाटल्या उतरवायला लावल्या, वजन केलं आणि कागदावर नोंद करता करता मला विचारलं, "परत आणणार ना?"

"आणणार. म्हणून तर नोंद करून घेतोय."

सौ.ने पाटल्या पुन्हा हातात चढवल्या. पाटल्या तिच्या नव्हत्या. आमची एकुलती एक मुलगी वैशाली, तिच्या लग्नासाठी मी वर्षानुवर्षं थोडं थोडं सोनं जमवून त्या घडवल्या होत्या. लग्न मात्र तिने अमेरिकेत शिकत असताना, तिथल्याच कचेरीत सह्या करून उरकलं आणि आम्हाला पत्राने कळवलं. कुणीही सांगितलेला पहिला भाव मी जन्मात कधी कबूल केलेला नाही, आणि माझ्या घरच्या सगळ्यात मोठ्या व्यवहारात मला कुणी बैठकीलाही बोलावलं नाही. तीन वर्षं मी जावयाशी एक शब्द बोललो नव्हतो. आता नात आठ महिन्यांची झाली होती, म्हणून निघालो होतो. पाटल्या वैशालीला दाखवायच्या आणि परत आणायच्या, हे माझं ठरलेलं होतं.

माझ्या हातातल्या पिशवीत आणखी दोन वस्तू होत्या. एक, नातीचे कान टोचायला सांगलीच्या सराफ कट्ट्यावरून घेतलेली सोन्याची बारीक तार. दुसरी, लाकडी डबीत घडी करून ठेवलेला छोटा काटा (सोनं तोलायचा तराजू). मी सराफांचे काटे बनवतो. अकराव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात पितळेची पारडी घासायला लागलो, आज माझ्या छपराखाली नऊ माणसं काम करतात. हा काटा मी स्वतःच्या हाताने केलेला पहिला. तो घेतल्याशिवाय मी गाव सोडत नाही.

वैशालीचं अमेरिकेतलं गाव सनीव्हेल, म्हणजे सगळ्या सारख्या उंचीच्या दुमजली इमारती आणि त्यांच्यामध्ये कापलेलं गवत. रस्त्यावर माणूस दिसत नाही. वैशालीने दारातच नातीला, गौरीला, माझ्या हातात दिलं आणि माझ्या मनातली तयार भाषणं कुठल्या कुठे गेली. मागे जावई उभा होता, श्रीकांत. नागपूरचा, चिपच्या कारखान्यात इंजिनीअर. वाकून नमस्कार केला. मी गौरीकडे बघत राहिलो.

थोड्या वेळाने त्याने चहा आणला. सौ.ला भरून कप, वैशालीला भरून कप, मला अर्धा. मी पिऊन टाकला, तसा तो लगेच उठून आणखी अर्धा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सासऱ्याला अर्धा कप. मी मनात एकेक कप मांडून ठेवत गेलो.

"वैशाली, तुझ्या नवऱ्याला सांग, दुधाची टंचाई असेल तर मी पैसे देतो," चौथ्या दिवशी मी म्हणालो. श्रीकांत समोरच बसला होता.

"बाबा, प्लीज. तो इथेच आहे. डायरेक्ट बोला ना."

"बोलायचं त्या वेळी कुणी मला विचारलं नाही."

सौ. गौरीला भरवत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पोरीच्या तोंडात घास आहे. जरा हळू."

त्याच दिवशी कळलं की प्रवासात पिशवी आपटून माझ्या काट्याच्या दांडीचा स्क्रू तुटला आहे. तांदळाच्या दाण्याएवढा पितळी स्क्रू. तो हातात धरून मी जिन्यावर बसलो होतो, तेव्हा शेजारचे मिस्टर किम कपडे धुवायच्या मशीनकडे निघाले होते. ते कोरियाचे, श्रीकांतच्याच कंपनीत. डबी बघितली आणि तिथेच माझ्याशेजारी बसले. माझं इंग्रजी सौदा करण्यापुरतं, त्यांचं त्याहून थोडं बरं. सोनं तोलायचं आहे म्हटल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि धुलाईच्या पावडरीच्या खोक्यावर एक अक्षर काढलं.

"हे सोनं. हे माझं आडनावपण. सोनं म्हणताना आम्ही 'गुम' म्हणतो, आडनाव म्हणताना 'किम'. अक्षर चिनी."

मी ते अक्षर निरखलं. वर दोन्हीकडे उतरतं छप्पर, मधोमध खांब, आडव्या रेघा आणि खांबाच्या दोन बाजूंना दोन लहान ठिपके. मला ते सरळसरळ सराफाचं दुकान दिसलं. छपराखाली काटा टांगलेला, दोन्ही पारड्यांत एकेक गुंज (सोनं तोलायचं लाल बी). मी तसं सांगितलं, तर किम पोट धरून हसले. "पन्नास वर्षं हे नाव लिहितो, मला कधी तराजू दिसला नाही," म्हणाले. बायकोकडून कोबीचं तिखट आंबवलेलं लोणचं आणून दिलं. सौ.ने पहिल्या घासाला डोळे पुसले, दुसऱ्या घासाला वाटी पुढे केली.

स्क्रूसाठी किमनी मला सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीतून सॅन होजेला नेलं. तिथे जपानी लोकांची एक जुनी आळी आहे. एका दुकानाच्या पाटीवर पहिलंच अक्षर छप्पर आणि काट्याचं. मी किमचं कोपर धरलं. "तुमच्या भाऊबंदांचं दुकान?"

"नाही, इथे ते 'काना' आहे. कानामोनो, म्हणजे लोखंडी-पितळी सामान. जपानी लोक याच अक्षराला 'काने' म्हणतात तेव्हा धातू किंवा पैसा, 'किन' म्हणतात तेव्हा सोनं."

आत करवती, रंधे, बिजागऱ्या ओळीने टांगलेल्या. गल्ल्यावर सत्तरीची बाई. तिने माझा तुटका स्क्रू तळहातावर घेतला, अकरा खण उघडले आणि बाराव्यातून त्याचा जुळा भाऊ काढला. पंचवीस सेंट. मी सवयीने म्हणालो, "दहा." ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "बरं, पंधरा." ती माझा काटा जवळ ओढून स्वतःच स्क्रू बसवायला लागली. बसवला, दांडीला एक थेंब तेल दिलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "पंचवीस." मी पंचवीस दिले. आयुष्यात इतक्या आनंदाने हरलेला सौदा मला आठवत नाही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सात वारांपैकी एका वारावर तेच अक्षर होतं. बाईने सांगितलं, तो शुक्रवार. शुक्राच्या चांदणीला त्यांच्याकडे धातूचा तारा म्हणतात. आमचाही वार त्याच चांदणीचा, आणि आमच्याकडे शुक्रवार लक्ष्मीचा. एवढ्या लांब येऊन घरचा वार भेटला म्हणून मी त्या बाईला हात जोडले. तिने कमरेत वाकून नमस्कार केला.

आता तार होती, काटा दुरुस्त होता, सोनार नव्हता. वैशालीने एका मोठ्या बाजारात कान टोचायची वेळ ठरवली होती. आम्ही गेलो. एक मुलगी पिस्तुलासारखं यंत्र घेऊन आली, त्यात स्टीलच्या कुड्या. माझा पारा चढला. मी इतका ओरडलो की समोर आइस्क्रीम खाणारी माणसं उठून बघायला लागली. गौरी रडायला लागली.

आम्ही गाडीतून परत निघालो. घर जवळ आल्यावर श्रीकांत रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "वैशू, बाबांना सांग, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये सोनार आहेत. मी चार दुकानांना फोन करून ठेवलेत. एक म्हातारे हाताने टोचतात म्हणे. शनिवारी जाऊ. रविवारी त्यांची फ्लाइट आहे."

त्याने फोन आधीच केले होते, हे माझ्या ध्यानात आलं. पण मी मांडून ठेवलेल्या कपांमध्ये त्या फोनना जागा नव्हती.

शनिवारी गाडी लावायला जागा मिळेपर्यंत आम्ही त्याच चढावर तीनदा फिरलो. चायनाटाउनात उतरलो आणि मी थबकलो. दुकानागणिक पाट्यांवर ते अक्षर. लाल, सोनेरी, हिरवं, कुठे माणसाएवढं उंच. भाजलेली बदकं टांगलेली, शेजारी कोळंबी सुकत घातलेली, आणि त्यांच्यावर छप्पर आणि काटा. सौ. म्हणाली, "अहो, इथे सगळी तुमचीच दुकानं दिसतात."

सोनाराचं दुकान अरुंद होतं. म्हातारे ऐंशीच्या आसपासचे, डोळ्याला भिंग. इंग्रजी येत नव्हतं. त्यांची मुलगी गल्ल्यावर बसून आमचं त्यांना आणि त्यांचं आम्हाला सांगत होती. मी पाटीकडे बोट करून विचारलं, "किम? किन?"

"गम," म्हातारे म्हणाले. मुलीने सांगितलं की त्यांच्या कँटनकडच्या बोलीत गम, उत्तरेकडच्या बोलीत चिन. आणि या शहरालाच चिनी लोक सोन्याचा डोंगर म्हणतात, त्यांच्या बोलीत गम सान. तिचे पणजोबा त्या डोंगराचं नाव ऐकून बोटीत बसले होते. "डोंगर मिळाला का?" मी विचारलं. म्हातारे हसले आणि दोन बोटांत चिमूट धरून दाखवली. एवढा.

मी तार काढली. ती कापून, टोक काढून वळी करायची होती. आमच्याकडची रीत अशी की सोनाराच्या हातात सोनं देण्याआधी आपल्या डोळ्यांसमोर तोलायचं आणि काम झाल्यावर पुन्हा तोलायचं. सोनार सख्खा भाऊ असला तरी. मी तसं सांगून माझी डबी उघडली. मुलीला ते अपमानाचं वाटलं असावं, ती थांबत थांबत बोलली. पण म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खालच्या खणातून सारंगीच्या आकाराची लाकडी पेटी काढली. आत त्यांचा काटा. एकच पारडं, हाडाची पांढरी दांडी, दांडीवर ठिपके. आम्ही दोघांनी एकमेकांचे काटे हातात घेऊन उलटेसुलटे केले. त्यांनी माझ्या पारड्याची कड अंगठ्याने चाचपली आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्यासाठी मी पुन्हा तेवढा प्रवास करीन.

मग मी माझा काटा उचलून धरला. एका पारड्यात तार, दुसऱ्यात गुंजा. मधली सुई थरथरत राहिली. मी वाट बघितली. सुई ठरेना.

"पंखा," मी म्हणालो. मुलीने पंखा बंद केला. सुई ठरेना. "दार." श्रीकांतने दार लोटलं. सुई तशीच. "त्या बाईने स्क्रू नीट बसवला नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढायला लागला होता.

म्हाताऱ्यांनी हात पुढे केला. माझ्या बोटांतून काटा अलगद घेतला आणि उचलून धरला. सुई दोनदा हलली आणि मधोमध उभी राहिली.

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. काचेवर टेकवलेला होता तरी बोटं हलत होती. सौ. साडीचा पदर नीट करत होती. वैशाली गौरीकडे बघत होती. श्रीकांत दाराकडे. मला एकदम समजलं की ही गोष्ट या सगळ्यांना आधीपासून माहीत होती, आणि मला तो अर्धा कप दिसला. भरलेला दिला असता तर पहिल्याच दिवशी जावयाच्या घरात चहा माझ्या धोतरावर सांडला असता.

म्हाताऱ्यांनी तार वळवली, विस्तवावर धरली, थंड केली. पुन्हा तोलली, या वेळी दोन्ही काट्यांवर. मग मुलीला काही म्हणाले. ती म्हणाली, "बाळाला मांडीवर कोण घेणार, असं विचारतात. डोकं अजिबात हलता कामा नये."

आमच्यात कान टोचताना बाळ मामाच्या मांडीवर असतं. गौरीला मामा नाही. मामाच्या जागी मी बसायचं, हे मी सांगलीहून ठरवून आलो होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बसलो असतो तर कुणी नको म्हणणार नव्हतं.

"श्रीकांतराव," मी म्हणालो, "तुम्ही बसा. तुमचा हात स्थिर आहे."

त्याने वैशालीकडून गौरीला घेतलं. मग "हो, बाबा" म्हणून बसला. म्हाताऱ्यांनी दोनदा हात हलवला आणि दोन्ही कानांत वळी गेली. गौरी दुसऱ्या कानाला रडली, तीही थोडंच. मी मजुरी विचारली. म्हाताऱ्यांनी जो आकडा सांगितला तो मी मुकाट्याने दिला, वर दोन गुंजा त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी त्या आपल्या सारंगीच्या पेटीत घातल्या.

समोरच्या खानावळीत वाफेवरचे कोबीचे गोळे आणि बिनदुधाचा चहा मिळाला. श्रीकांतने किटली उचलली, माझा कप अर्धा भरला आणि थांबला. चोरून माझ्याकडे बघितलं.

"अर्धाच बरा," मी म्हणालो. "संपला की मी मागेन."

"मागा ना, बाबा. मी इथेच आहे."

त्या संध्याकाळी मी सौ.ला म्हटलं, "हातातलं काढ." तिने काय म्हणून विचारलं नाही. साबण लावून चारही पाटल्या उतरवल्या आणि वैशालीला हाक मारली. पुढचं मी बघितलं नाही. बाहेर जिन्यावर जाऊन किमसाहेबांशी बोलत बसलो. त्यांनी जाताना मला ते अक्षर जाड कागदावर काळ्या शाईने काढून दिलं. वर म्हणाले, माझं नाव समजा, नाहीतर तुमचं दुकान समजा.

सहारला उतरलो तेव्हा कस्टमच्या टेबलावर दुसराच अधिकारी होता. कागद वाचला, सौ.चे हात बघितले. तिच्या मनगटांवर आता फक्त हिरव्या बांगड्या.

"काकू, चार पाटल्या नेल्या होत्या. परत आणणार असं इथे लिहिलंय."

सौ.ने माझ्याकडे बघितलं. उत्तर मी द्यावं, अशी तिची इच्छा दिसली.

"जिच्या होत्या तिला दिल्या," मी म्हणालो.

त्याने कागदावर आडवी रेघ मारली. काही आणलं का, विचारलं. मी किमसाहेबांचा कागद उलगडून दाखवला. त्याने तो उलटा धरून बघितला, मी सरळ करून दिला.

आता तो कागद कारखान्यात माझ्या डोक्यावर भिंतीला लावलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय. मी सांगतो, किम, किन, गम, चिन. एकच अक्षर, ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं नाव. नवा काटा तयार झाला की शेवटचा तोल मी आता घेत नाही. आमच्या कारखान्यातला जुना कारागीर उचलून धरतो, आणि सुई ठरेपर्यंत मी शेजारी उभा राहून बघतो.