सोमवारची दवंडी

“हलगी हातात असली की खोटं बोलायचं न्हाई,” असं लिंबाजी कायम म्हणायचा. केजजवळच्या त्या गावात दवंडी त्याचीच. सरपंच भगवानरावांनी त्याला सांगितलं, सोमवारी ग्रामसभा हाय, पाण्याची टाकी कुठं बांधायची ते लोकच ठरवतील. लिंबाजी मोठ्या अभिमानानं डोंगरवस्तीवर गेला. वस्ती ऊसतोडीला निघालेली, ट्रकात भांडीकुंडी चढलेली. पण लिंबाजीनं सांगितलं म्हणून माणसं मुकादमाच्या शिव्या खाऊन थांबली.

सोमवारी चावडीला कुलूप होतं. सभा आदल्या दिवशीच भगवानरावांच्या मळ्यात उरकली होती, आणि टाकीही त्याच मळ्यात बांधायची म्हणून मंजूर झाली होती.

“भाऊ, तुमच्या शब्दावर थांबलो आमी,” वस्तीवरची सुभद्राबाई म्हणाली. “तुमाला ठावं व्हतं का?”

तेवढ्यात भगवानराव मोटारसायकलवरून आले. लिंबाजीनं त्यांनाच विचारलं, “मालक, मला काहून फिरवलं?”

“अरे, कागदावर सभा आजचीच हाय. वस्तीला कळवलं न्हाई, असं उद्या कुणी म्हणाया नको,” भगवानराव हसले. “आता टाकी मंजूर झाल्याची दवंडी दे.”

लिंबाजीनं गळ्यातली हलगी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. “तुमीच द्या.”

मग तो रिकाम्या हातांनी ओढ्याच्या वाटेनं चालू लागला. रस्त्यावर मुकादम ट्रकचा हॉर्न वाजवत होता, तरी सुभद्राबाई लिंबाजीच्या पाठीकडं बघत उभी राहिली.